डोक्याचा मुका मार : रिपोर्ट नॉर्मल, माणूस नाही



मुका मार म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, टाका पडत नाही, पण आतून दुखत राहतं. मांडीला किंवा पाठीला मुका मार लागला तर घरचे शेक देतात, दोन दिवस बसवून ठेवतात. तोच मार डोक्याला लागला तर मात्र "रक्त नाही ना आलं? मग काही नाही" असं म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो. आमचं म्हणणं असं आहे की ही समजूत घातक आहे, आणि वसई-विरारमध्ये तिचा सगळ्यात मोठा भुर्दंड हातावर पोट असलेल्या माणसाला बसतो आहे.

नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही बरीच वर्षं कॅज्युअल्टीत काढली. आता नायगावपासून विरारपर्यंतच्या वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करतो. दोन्हीकडे एकच तक्रार ऐकायला मिळते. "ताई, पडल्याला तीन महिने झाले. सीटी काढला, नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणतात काही नाही. पण डोकं रोज दुखतं. घरचे म्हणतात, नाटक करतोय." हा लेख त्या नाटक न करणाऱ्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

स्कॅनमध्ये का दिसत नाही?

कवटीच्या आत मेंदू पाण्यासारख्या द्रवात असतो. डोक्याला जोराचा दणका बसला, किंवा नुसती मान जोरात हिसकली, तरी मेंदू आतल्या आत हलतो. त्याच्या बारीक तंतूंवर ताण येतो आणि पेशींचं काम काही दिवस बिघडतं. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. आपण मेंदूला बसलेला हादरा म्हणू. यात बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधण्यासाठी असतो. तो नॉर्मल आला याचा अर्थ आत रक्त साचलेलं नाही, ऑपरेशनची गरज नाही. ही चांगलीच बातमी आहे. पण काही झालंच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. बिघाड कामात असतो, आणि काम फोटोत दिसत नाही.

हादऱ्यानंतर डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही. विसरायला होतं, चिडचिड होते, झोप बिघडते. मोठ्या माणसांत बहुतेक जण दोनेक आठवड्यांत बरे होतात, मुलांना महिनाभर लागू शकतो. काहींचं मात्र आठवडे, महिने रेंगाळतं. आधी एकदा हादरा बसलेला असेल, आधीपासून अर्धशिशी असेल, किंवा पहिला मार बरा होण्याआधीच दुसरा बसला असेल, तर रेंगाळण्याची शक्यता वाढते. एकामागून एक हादरे बसत गेले की पुढचा हादरा लहानशा धक्क्यानेही बसू शकतो आणि बरं व्हायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो. क्वचित, विशेषतः कोवळ्या वयात, पहिला मार भरून येण्याआधी बसलेल्या दुसऱ्या माराने मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीवही जातो.

मोठ्या माणसांचं उदाहरण घ्या. ४ डिसेंबर २०२० रोजी कॅनबेराच्या सामन्यात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू बसला. त्याच्या जागी युझवेंद्र चहल खेळायला आला आणि जडेजा त्या टी-ट्वेंटी मालिकेत पुन्हा उतरला नाही. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घेण्याचा नियम क्रिकेटमध्ये २०१९ पासून आहे. ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्स्की आठवतो का? जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला आपल्याच संघाविरुद्ध पहिली कसोटी खेळला आणि ६२ धावा काढल्या. डोक्याला पुन्हा पुन्हा बसलेल्या मारांमुळे एप्रिल २०२५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याला क्रिकेट सोडावं लागलं. जगातले चांगले डॉक्टर हाताशी होते, तरी डोकेदुखी आणि थकवा त्याची पाठ सोडत नव्हते. त्याला कुणी नाटकी म्हटलं नाही. मग आपल्या बिगाऱ्याला, आपल्या सुनेला का म्हणतो?

आपल्याकडे हा मार कुणाला बसतो?

पहिला, रस्त्यावरचा माणूस. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या दारातून जातो. वसई फाटा, पेल्हार, शिरसाड, विरार फाटा इथले खड्डे आणि अवजड गाड्या आपल्याला नव्याने सांगायला नकोत. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि दुचाकी घसरते. हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र विचार करून निघालं आहे. कायद्याने हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे. पण आपल्याकडे नवरा हेल्मेट घालतो आणि बायको मागे पदर सावरत, मांडीवर लेकरू घेऊन बसते. पडताना तीच आधी फेकली जाते. आणि हेही लक्षात ठेवा, हेल्मेट कवटी वाचवतं, पण आतला हादरा पूर्ण थांबवू शकत नाही. हेल्मेट होतं म्हणून तपासणी टाळू नका.

दुसरा, बांधकामावरचा आणि गाळ्यातला कामगार. सेंटरिंगची फळी डोक्यावर पडते, परातीवरून पाय सटकतो, वालीव-सातिवलीच्या गाळ्यात वाकून उठताना लोखंडी अँगल डोक्याला लागतो. एकेक मार छोटा असतो. वर्षभरात असे चार-पाच झाले की त्यांची बेरीज कुणी करत नाही.

तिसरा, दहीहंडीतला मुलगा. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. १४ वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवायचं नाही, अशी हमी सरकारने २०१७ मध्ये उच्च न्यायालयात दिली आहे. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये दहिसरला सरावातच एक लहान मुलगा वरच्या थरावरून पडून दगावला. मृत्यू झाला की बातमी होते. पण सरावात आठवड्यातून दोनदा पडून, डोकं चोळत पुन्हा थरावर चढणाऱ्या मुलाची बातमी होत नाही. स्पेनमध्ये कॅटालोनिया नावाच्या प्रांतात असेच माणसांचे मनोरे रचतात. तिथे २००६ साली एका मुलीचा जीव गेला, तेव्हापासून वर चढणारी मुलं हेल्मेट घालतात. त्यांची परंपरा बुडाली नाही. २०१० मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

चौथी, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही ती, घरात मार खाणारी बाई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात साधारण चारपैकी एका विवाहित स्त्रीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. मारणाऱ्याचा हात बहुधा डोक्यावर, तोंडावर, कानशिलात जातो. केस धरून भिंतीवर आपटणं हे तर आम्ही इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा वेगळा आकडा ठेवायला हवा होता. अमेरिकेत इव्ह व्हॅलेरा या संशोधिकेने २००३ मध्ये मार खाल्लेल्या ९९ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश स्त्रियांच्या मेंदूला किमान एकदा आणि निम्म्या स्त्रियांच्या मेंदूला अनेकदा हादरा बसला होता. खेळाडूला सामन्यातून बाहेर काढायला पंच असतो. या बाईला बाहेर काढायला कुणी नाही. मार बसलेल्या रात्री तीच भाकऱ्या थापते, पहाटे तीच पाण्याच्या रांगेत उभी राहते. मग ती विसरते, तिच्या हातून दूध उतू जातं, ती मुलांवर ओरडते, आणि त्यासाठी तिला पुन्हा मार बसतो. ताई, तुमचं डोकं सतत दुखतं, चक्कर येते, आठवत नाही, याचा संबंध त्या मारांशी असू शकतो. तुम्ही वेंधळ्या नाही, वेड्या नाही. दवाखान्यात "पडले" म्हणू नका. डोक्याला किती वेळा, कशाने मार बसला ते सांगा आणि नोंद करून घ्या. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि त्यासाठी आधी घर सोडावं लागत नाही.

विश्रांती परवडते कुणाला?

या दुखण्यावर पहिलं औषध विश्रांती, असं सगळे सांगतात. आमचा मुद्दा इथेच आहे. नाक्यावरच्या कामगाराला खाडा झाला की त्या दिवसाची चूल विझते. घरकाम करणारी बाई दोन दिवस गेली नाही तर तिसऱ्या दिवशी त्या घरी दुसरी बाई लागलेली असते. "आठ दिवस आराम करा" हा सल्ला कागदावर फुकट आहे, पण आपल्या माणसासाठी तो सगळ्यात महागडं औषध आहे. गोळी दहा रुपयांत येते, आराम येत नाही. म्हणून तो गोळी घेतो आणि पहाटेची विरार लोकल पकडतो.

सरकारी योजनाही या दुखण्यापाशी येऊन थांबतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. डोक्याचं ऑपरेशन झालं तर ती उपयोगी पडते, तीन महिन्यांच्या डोकेदुखीला पडत नाही. मे २०२५ पासून केंद्राची अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस योजना आली, त्यात दीड लाखापर्यंतचा उपचार आहे, पण अपघातापासून सात दिवस. गोविंदांच्या विम्यात मृत्यू आणि अपंगत्व मोजलं जातं. आठव्या दिवसापासून जो माणूस उजेडाकडे बघू शकत नाही, तो यातल्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

तरी एक रकाना आहे, आणि तो पुष्कळांना माहीत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर मंत्री होते. कामगाराच्या आजारपणाच्या विम्याची तयारी त्याच काळात झाली आणि पुढे १९४८ मध्ये ईएसआयचा कायदा आला. तुमच्या गाळ्यात दहा किंवा जास्त कामगार असतील आणि तुमचा पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल, तर तुमचं ईएसआय कापलं जातंय का ते पगाराच्या पावतीवर बघा. त्यात आजारपणासाठी, वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. मार कामावर बसला असेल तर बरं होईपर्यंत ९० टक्के मिळतो. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध लागत असेल तर, कामावरचा अपघात धरला जातो. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी डोक्याच्या माराची नोंद करणं गरजेचं आहे. बांधकामावरच्या भावांनी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून ठेवावी. अपघात झाल्यावर नोंदणीसाठी धावपळ करून उपयोग नसतो.

घरी काय करायचं?

आधी धोक्याच्या खुणा. डोकेदुखी तासागणिक वाढत असेल, पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, फिट आली, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, एक बाहुली मोठी दिसली, नाकातून-कानातून पाण्यासारखं किंवा रक्त आलं, माणूस बरळायला लागला किंवा उठवूनही उठेना, तर १०८ ला फोन करा. अशा वेळी कांदा हुंगवत, लिंबू उतरवत बसू नका. दारू प्यायलेला माणूस पडला तर "उतरेल सकाळी" म्हणून झोपवून ठेवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा वय झालेलं असेल, तर साध्या पडण्यानंतरही तपासून घ्या. म्हाताऱ्या माणसांत डोक्यात हळूहळू रक्त साचतं आणि दोन-तीन आठवड्यांनी लक्षणं दिसतात. "बाबांना अचानक चालता येईना" म्हणतात, तेव्हा मागच्या महिन्यात मोरीत घसरले होते हे कुणाच्या लक्षात नसतं.

या खुणा नसतील, डॉक्टरने बघितलं असेल, तर माणसाला झोपू द्या. रात्रभर जागं ठेवायची गरज नाही. पहिला दिवसभर सोबत कुणीतरी राहा. दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल. पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टरला विचारल्याशिवाय इतर वेदनाशामक गोळ्या नकोत.

पहिले २४ ते ४८ तास काम कमी, मोबाइल आणि टीव्ही कमी. पण अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहणंही चांगलं नाही, हे आता जगभरातले तज्ज्ञ सांगतात. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला यावर मोठी परिषद झाली, तिच्यातून हीच शिफारस आली. दोन दिवसांनी हळूहळू चालायला लागा. सकाळी गल्लीत दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. चालताना डोकेदुखी थोडी वाढली तर घाबरू नका. स्वतःलाच दहापैकी गुण द्या. आधी तीन होती आणि चालल्यावर पाच झाली, तासाभरात परत तीनवर आली, तर चालेल. त्याहून वाढली तर थांबा आणि उद्या थोडं कमी चाला.

रेंगाळलेल्या दुखण्यात सगळ्यात मोठी चूक एकच होते. बरं वाटलं त्या दिवशी माणूस आठ दिवसांचं काम उरकतो आणि पुढचे चार दिवस आडवा होतो. काम तुकड्यांत करा आणि दुखणं वाढायच्या आधी बसा. धुणं एकदम नको, दोन वेळा करा. हंडा डोक्यावर नको, कळशी हातात घ्या, नाहीतर घरातल्या तरुण मुलाला पाठवा. वेळेवर जेवा, पाणी प्या, रोज एकाच वेळी झोपा. दारू बंद. चक्कर येत असेल तोवर गाडी चालवणं बंद, शिडीवर आणि परातीवर चढणं बंद. लोकलने जावंच लागत असेल तर गर्दीच्या आधीची गाडी धरा. उन्हात टोपी किंवा छत्री घ्या.

गोळ्यांचा हिशेब ठेवा. हे आम्ही ठळक अक्षरात सांगतो, कारण यात आपली माणसं फार फसतात. साधी डोकेदुखीची गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा कॅफीन वगैरे मिसळलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त घेत राहिलं तर गोळीच डोकेदुखी लावते. गोळी उतरली की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी फुली मारा. महिनाअखेर फुल्या मोजा आणि ते कॅलेंडर डॉक्टरकडे घेऊन जा.

डॉक्टरलाही नुसतं "डोकं दुखतं" सांगू नका. कुठे दुखतं, उजेडाने वाढतं का, मान वळवताना वाढतं का, ते सांगा. या डोकेदुखीचे प्रकार असतात. काहींची अर्धशिशीसारखी असते, काहींची मानेतून येते. मानेच्या दुखण्याला फिजिओथेरपीने गुण येतो, चक्करेला तोल सावरायचे व्यायाम असतात, अर्धशिशीसारख्या दुखण्यावर रोज घ्यायची वेगळी औषधं असतात. ती डॉक्टरनेच ठरवायची. म्हणजे "याला काही उपाय नाही, सवय करून घ्या" हे खरं नाही. बहुतेक माणसं सावकाश का होईना, सुधारतात.

बरं व्हायला वेळ लागला की मन खचतं. माणूस गप्प होतो, रडतो, जगणं नको म्हणतो. हे दुखण्याचाच भाग आहे, कमकुवतपणा नाही. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. आणि घरच्यांनो, एवढंच करा. टीव्हीचा आवाज कमी ठेवा आणि "अजून दुखतंच का?" असं रोज विचारू नका.

आमच्या मागण्या

आम्ही फार मोठं काही मागत नाही. मेंदूचं मोठं सरकारी रुग्णालय इथे व्हायला हवंच. गंभीर रुग्णाला आजही कूपर, केईएमकडे पळवावं लागतं. जुलै २०२५ मध्ये झाडाची फांदी अंगावर पडून जखमी झालेल्या पालघर तालुक्यातल्या एका बाईंची ॲम्ब्युलन्स याच महामार्गाच्या कोंडीत अडकली आणि त्या वाटेतच गेल्या, हे जिल्हा विसरलेला नाही. पण डोक्याच्या मुक्या माराला मोठी इमारत लागत नाही. लागतो तो एक कागद आणि आठवड्यातला एक दिवस.

एक, वसई-विरार महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात डोक्याला मार लागलेल्या माणसाला घरी सोडताना मराठी आणि हिंदीत छापलेलं कार्ड द्यावं. धोक्याच्या खुणा, पहिल्या दोन आठवड्यांत काय करायचं, परत कधी यायचं, आणि आधी किती वेळा मार बसला याची नोंद त्यावर असावी. दोन, महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत आठवड्यातून एक दुपार अशा रुग्णांसाठी ठेवावी, सोबत फिजिओथेरपिस्ट असावा. तीन, डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक बाईला नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसवून, एकटीला विचारावं. चार, दहीहंडी मंडळांना परवानगी देताना अट घालावी की डोक्यावर पडलेला मुलगा त्या दिवशी पुन्हा थरावर जाणार नाही, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या मोसमात परत येणार नाही.

कुणी म्हणेल, ओपीडीत मलेरिया-डेंग्यूची रांग लागलेली असताना डोकेदुखीला वेळ कुठून आणायचा? आमचं उत्तर सोपं आहे. हाच माणूस आज चार ठिकाणी फिरतो, दोनदा सीटी काढतो, कर्ज काढतो, आणि तुमच्याच ओपीडीत पाच वेळा येतो. पहिल्याच वेळी कार्ड देऊन पाच मिनिटं समजावलं, तर रांग लांबणार नाही, कमी होईल.

आणि काही गोष्टी महापालिकेने नाही, आपणच करायच्या आहेत. आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीतल्या डीजेचा आवाज आणि लुकलुकणारे दिवे अशा रुग्णाला किती त्रास देतात, ते त्याच्या घरी बसून बघा. मंडळाच्या पोरांनी डीजेच्या खर्चातला थोडा भाग काढून वस्तीसाठी पाच चांगली आयएसआय हेल्मेटं घ्यावीत, मागे बसणाऱ्या बायामाणसांसाठी. विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास धोक्याच्या खुणांवर बोलायला आम्हाला बोलवा, आम्ही येऊ. कुणा घरचा कमावता माणूस डोक्याच्या माराने बसून असेल तर त्या गल्लीने आठ दिवस त्याच्या घरचा डबा वाटून घ्यावा. कंत्राटदार सुट्टी देत नाही तिथे शेजाऱ्यांनी दिलेला तो आठवडा खरं औषध ठरतो.

पुढच्या वेळी तुमच्या गल्लीत कुणी "रिपोर्ट नॉर्मल आहे, पण डोकं दुखतंय" म्हणालं, तर त्याला खाली बसवा, आधी किती वेळा मार बसला ते विचारा, आणि त्याच्यावर विश्वास ठेवा.